मेसा व्हर्डे : कड्याच्या कपारीतलं बांधकाम, एका पाटबंधारेवाल्याच्या नजरेतून

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले मोकळे होतील. अमेरिकेत कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या मेसा व्हर्डे नॅशनल पार्कला, म्हणजे प्वेब्लो आदिवासींच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारीत बांधलेल्या दगडी घरांच्या जागेला, पाचपैकी साडेचार. तिथल्या मोअरफिल्ड कॅम्पग्राउंडला चार. ज्या आरव्हीनं (म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या मोटारीनं) आम्ही गेलो तिला राहण्यासाठी चार आणि त्या डोंगरात फिरण्यासाठी दीड. आता हे आकडे कसे आले ते सांगतो.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सांगली-साताऱ्याकडे उभा जन्म बांध, कालवे आणि पाझर तलावांत गेला. मुलगा डेन्व्हरला असतो. त्यानं सप्टेंबरात सुट्टी काढली, भाड्यानं पंचवीस फुटी आरव्ही घेतली आणि आम्हा दोघांना, सूनबाईंना आणि नऊ वर्षांच्या नातीला घेऊन निघाला. त्याचा कॉलेजातला मित्र बायकोसह अल्बुकर्कीहून आपल्या छोट्या गाडीनं येऊन आम्हाला तिथे मिळाला. ती छोटी गाडी लक्षात ठेवा, पुढे तिचंच राज्य आहे.

आरव्हीबद्दल थोडक्यात. ट्रकच्या चॅसीवर बसवलेलं वन रूम किचन म्हणा. सौ. पहिल्या थांब्यावर नाक मुरडत आत शिरली आणि तासाभरात तिनं कांदेपोहे करून सगळ्यांना वाढले, म्हणजे तिच्याकडून पसंती झाली. भाडं दिवसाचं वेगळं, मैलामागे वेगळं, शिवाय पेट्रोल. ही गाडी एका गॅलनला आठ-दहा मैल देते, त्यामुळे हॉटेलचे पैसे वाचले हा हिशेब कोणी मांडत असेल तर पुन्हा एकदा मांडा. वुल्फ क्रीक खिंड १०,८५७ फुटांवर आहे. तिथल्या वळणावर फ्रिजचं दार उघडलं आणि दह्याचा डबा सगळ्या जमिनीवर. त्या दाराची खिटी आधीपासूनच ढिली होती. भाड्याच्या कंपनीचं नाव घेत नाही, पण गाडी ताब्यात घेताना दारं, खिट्या आणि मैल्याच्या टाकीचा पाइप स्वतः हात लावून बघा, कागदावर सही नंतर करा.

मोअरफिल्ड मात्र आवडलं. पार्कच्या दारापासून चार मैल आत, साडेसात हजार फुटांच्या वर, ओकच्या झुडपांनी भरलेल्या दरीत अडीचशेहून जास्त जागा आहेत. वीज, पाणी आणि सांडपाणी अशी तिन्ही जोडणी मिळणाऱ्या जागा फक्त १५. त्या आधी संपतात, त्यामुळे तारखा ठरल्या की पहिलं काम आरक्षणाचं. बाकीच्या ठिकाणी गाडीच्या टाकीतलं पाणी आणि गाडीचीच बॅटरी. टाक्या रिकाम्या करायची सोय, अंघोळीची जागा, लहानसं दुकान, सगळं आहे. सकाळी दारात हरणं चरतात. रात्रीच्या आभाळाबद्दल मी काही लिहीत नाही. २०२१ साली या पार्कला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, एवढं पुरे.

आता दीड का, ते. मोअरफिल्डपासून कड्यातल्या घरांपर्यंतचा रस्ता म्हणजे पंधरा-सोळा मैलांचा घाट. एक बोगदा, एकीकडे कडा, दुसरीकडे खोल दरी, आणि मधूनमधून जुन्या वणव्यांत जळालेल्या झाडांचे उभे सांगाडे. मागे काही ओढत नेत असाल तर ते मोअरफिल्डच्या पुढे नेताच येत नाही. आरव्ही चॅपिन मेसावर (मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार) जाते, पण पार्किंगला जागा शोधताना मुलाच्या कपाळावर आठ्या पडल्या. वेदरिल मेसाच्या रस्त्यावर तर पंचवीस फुटांची मर्यादा आहे, वजनाचीही आहे. म्हणून आरव्ही मोअरफिल्डला ठेवायची आणि फिरायचं छोट्या गाडीनं. ज्यांच्याकडे तशी गाडी नाही त्यांनी कॉर्टेझ गावातून दिवसापुरती भाड्यानं घ्यावी. माझ्या मते या सहलीतला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च तो असेल.

तिकिटांचं गणित समजून घ्या, कारण त्यावाचून इथलं मुख्य आकर्षण असलेला क्लिफ पॅलेस लांबूनच बघावा लागतो. पार्कची प्रवेश फी वेगळी आणि रेंजरसोबत, म्हणजे पार्कच्या वाटाड्या कर्मचाऱ्यासोबत, आत उतरायचं तिकीट वेगळं, आम्ही गेलो तेव्हा माणशी ८ डॉलर. ही तिकिटं सरकारी संकेतस्थळावर चौदा दिवस आधी सकाळी आठला खुली होतात आणि भराभर जातात. मुलानं डेन्व्हरहून लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन मोर्चेबांधणी केली होती. आठ डॉलरात मला जे बघायला मिळालं ते बघता दर अगदीच कमी आहे असं माझं मत, पण ते कोणाला सांगू नका.

क्लिफ पॅलेस. वरच्या कट्ट्यावरून पहिल्यांदा दिसतो तेव्हा सगळे कॅमेरे काढतात. मी खिशातला चष्मा काढला. साधारण २१५ फूट रुंद आणि ९० फूट खोल अशी वालुकाश्मातली कपार, आणि तिच्यात दीडशेच्या आसपास खोल्या, वीसहून जास्त गोल किवा (त्या काय ते पुढे सांगतो), चौकोनी मनोरा, गोल मनोरा. उत्तर अमेरिकेतलं कड्याच्या कपारीत बांधलेलं हे सगळ्यात मोठं वसतिस्थान. बांधकाम मुख्यतः बाराव्या शतकाच्या शेवटापासून १२७०-८० पर्यंतचं. वापरलेल्या तुळयांच्या लाकडातली वर्षवलयं मोजून हे काळ ठरवतात, त्यामुळे झाड कोणत्या साली तोडलं इथपर्यंत पत्ता लागतो. आमच्याकडच्या किल्ल्यांच्या बाबतीत असला पुरावा हाताशी असता तर कितीतरी वाद मिटले असते.

खाली उतरायला अरुंद, वाकड्यातिकड्या दगडी पायऱ्या आणि वर यायला लाकडी शिड्या. शिड्या आठ-दहा फुटांच्या, फार अवघड नाहीत. अवघड आहे ती हवा. सात हजार फुटांवर पासष्टी उलटलेल्या माणसाला चौथ्या शिडीशी छातीचा भाता ऐकू येतो. सौ.चे गुडघे दुखरे, ती वरच्या कट्ट्यावरच दुर्बीण घेऊन बसली.

आत गेल्यावर मी रेंजरचं ऐकायचं सोडून भिंती बघत बसलो. सूनबाईंनी दोनदा हाक मारली. दगड वालुकाश्माचे, साधारण पावाच्या आकाराचे, कठीण दगडानं टोचून टोचून घडवलेले. धातूचं एकही हत्यार या लोकांकडे नव्हतं. बऱ्याच दगडांच्या तोंडावर ते बारीक खड्डे अजून दिसतात. गारा म्हणजे माती, राख आणि पाणी. सांध्यात बारीक कपच्या ठोकून बसवलेल्या, आपले जुने गवंडी बसवायचे तशाच. गारा आकसला तरी भार दगडावरून दगडावर उतरावा यासाठी. काही ठिकाणी गाऱ्यावर बोटांचे ठसे आहेत. सांधेमोड सगळीकडे पाळलेली नाही, एकावर एक उभे सांधे आलेले मी चार-पाच ठिकाणी पाहिले, आणि हाताखालच्या गवंड्याला मी ते उकलायला लावले असते. पण कपारीचा तळ उतरता आहे. त्या उतारावर पुढे धारक भिंती घेऊन, मागे भराव टाकून त्यांनी सपाट जोती काढली आहेत, आणि सातशे-साडेसातशे वर्षांनंतर माझ्यासारखा माणूस त्यांच्या सांध्यांना नावं ठेवत तिथे उभा आहे. तेव्हा त्यांना पैकीच्या पैकी. काही भागांची डागडुजी १९०९ मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांच्या हाताखाली झालेली आहे, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे रेंजरला जरूर विचारा, ते दाखवतात.

चौकोनी मनोऱ्याच्या खिडकीतून डोकं आत घालून वर बघा. आतल्या गिलाव्यावर लाल रंगाची नक्षी आहे. आमच्या गटातले निम्मे लोक फोटोच्या नादात ती न बघताच पुढे गेले.

किवा म्हणजे जमिनीत उतरवलेली गोल खोली, धार्मिक विधींची आणि बैठकीची. तिचं छप्पर हेच वरच्या घरांचं अंगण. छपरातल्या भोकातून शिडीनं आत जायचं. मध्ये चूल, तिच्यासमोर एक उभा दगड, त्यामागे भिंतीत हवेची नळी. ताजी हवा नळीतून खाली येते, दगडावर आपटून दोन्ही बाजूंना पसरते, आग विझत नाही आणि धूर शिडीच्या भोकातून वर जातो. जमिनीत एक लहान खळगा असतो, पूर्वज ज्या वाटेनं या जगात वर आले तिची ती खूण. नातीनं ज्युनिअर रेंजरची वही भरताना किवाचं चित्र काढलं आणि मला विचारलं, ‘आजोबा, इथली लहान मुलं खाली पडत नसतील?’ मी म्हटलं, तुझी आजी इथे असती तर एकही पडू दिलं नसतं.

त्याच आजीनं वर आल्यावर मला गाठलं. ‘अहो, सगळं बघितलं मी दुर्बिणीतून. पण पाणी कुठे दिसलं नाही. बायका पाणी कुठून आणत असतील?’

तीस-पस्तीस वर्षं ज्या प्रश्नावर माझा पगार निघाला तोच प्रश्न. उत्तर त्या कपारीतच आहे. वर सच्छिद्र वालुकाश्म, खाली शेलचा पाणी न सोडणारा थर. पाऊस आणि बर्फ वरून मुरतं, शेलला टेकतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या तोंडाशी पाझरून बाहेर येतं. हिवाळ्यात ते गोठून फुगतं, दगडाचे पापुद्रे काढतं, आणि हजारो वर्षांत कपार तयार होते. म्हणजे ज्या पाझरानं घराला जागा कोरून दिली त्यानंच घागरीही भरल्या. क्लिफ पॅलेसला बऱ्याचदा राजवाडा समजून लोक बघतात. मला तो पाझराकाठी वसलेला वाडा वाटला, आणि त्यात काही कमीपणा नाही.

शेती खाली नव्हती, वर पठारावर होती. मका, घेवडा, भोपळा. कड्यात हाता-पायाच्या बोटांपुरत्या खोबण्या खणलेल्या आहेत, त्यांतून चढ-उतार. पावसाचं पाणी अडवायला ओढ्यांमध्ये दगडांचे बांध घातले, म्हणजे आपल्या भाषेत नालाबांध. त्यामागे गाळ साचायचा, ओल टिकायची आणि त्या गाळावर पीक घ्यायचे. आमच्या खात्यात यासाठी अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि मोजमाप पुस्तक लागतं.

आणि इथे मी तुम्हाला अशा ठिकाणी पाठवतो जिथे बसगाड्या थांबत नाहीत. चॅपिन मेसाच्या रस्त्यावर फार व्ह्यू नावाची जागा आहे, तिथे नव्वद फूट व्यासाचं, दगडी भिंतींनी बांधलेलं गोल खोलगट बांधकाम आहे. फार व्ह्यू रिझर्व्हायर म्हणतात. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेनं २००४ साली मेसा व्हर्डेच्या या जुन्या जलाशयांना ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून गौरवलं. पुढे २०१४ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की फार व्ह्यू हा तलाव नव्हताच, ती विधींसाठी बांधलेली उघडी जागा असावी. मी काठावरून एक फेरी मारली. जागा पठाराच्या पाठीवर आहे. वरून वाहून येईल असं पाणलोट क्षेत्र डोळ्यांना दिसत नाही. एवढ्या भांड्यासाठी एवढीशी आवक? आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी हा प्रस्ताव त्याच टपालानं परत पाठवला असता. माझं मत २०१४ वाल्यांकडे झुकतं. मुलगा म्हणाला, बाबा, ज्यांनी वर्षानुवर्षं मोजमाप घेऊन याला तलाव म्हटलं ते मूर्ख आहेत का? नाहीत. मोअरफिल्ड दरीतल्या दुसऱ्या तलावाबद्दल त्यांचं काम मला पूर्ण पटतं. तिथे गाळ काढून काढून बाजूला टाकला, तळ वर वर चढत गेला, मग पाणी आणणारा चरही वर सरकवत नेला, आणि साडेतीनशे वर्षं हे चाललं. गाळ कोणालाही चुकला नाही. आम्हा बापलेकांचा वाद रात्री खिचडी होईपर्यंत चालू होता.

मग हे लोक इथून का गेले? १२७६ ते १२९९ असा लांबलेला दुष्काळ वर्षवलयांत स्पष्ट दिसतो. थंडी, थकलेली जमीन, आपसातले तंटे, अशी आणखीही कारणं सांगतात. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागलेली मी लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे एक-दोन पिढ्यांत पठार रिकामं झालं याचं मला गूढ वगैरे वाटलं नाही. आणि ‘लुप्त झालेली संस्कृती’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांडे काठची प्वेब्लो गावं आजही नांदती आहेत, ती याच लोकांची लेकरं. ते इथे येतात ते पूर्वजांच्या घरी.

वस्तूंची गोष्ट मात्र मन खट्टू करते. १८८८ च्या डिसेंबरात रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन चुकलेली गुरं शोधताना क्लिफ पॅलेससमोर आले. यूट या इथल्या आदिवासी लोकांना ही घरं आधीपासून ठाऊक होती, पण नाव गोऱ्यांचं लागलं. वाघाच्या मागावर अजिंठ्याला पोचलेल्या जॉन स्मिथची आठवण कोणाला होणार नाही? १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशॉल्ड हा तरुण स्वीडिश शास्त्रज्ञ आला, त्यानं पद्धतशीर उत्खनन केलं आणि मालगाडी भरून वस्तू युरोपला रवाना केल्या. डुरँगोत त्याला अटक झाली खरी, पण ते करू नये असा कायदाच नव्हता, सुटला. तो संग्रह हेलसिंकीला गेला. त्यातले मानवी अवशेष आणि दफनातल्या वस्तू २०२० मध्ये परत येऊन इथे पुन्हा मातीत ठेवल्या गेल्या. व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि लूसी पीबॉडी या बायकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९०६ च्या जूनमध्ये प्राचीन वास्तूंचा कायदा आणि हे पार्क दोन्ही झाले.

दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीनं वेदरिल मेसा. इथे लाँग हाऊसची मोठी फेरी रेंजरसोबत असते, पण मी शिफारस करेन स्टेप हाऊसची. तिकीट नाही, आपल्या चालीनं जायचं. जाऊन-येऊन मैलभर, चढ आहे पण शिड्यांची परीक्षा नाही, सौ. काठी टेकत आली. एकाच कपारीत सातव्या शतकातली जमिनीत खणलेली घरं आणि तेराव्या शतकातली दगडी घरं शेजारी शेजारी आहेत. सहाशे वर्षांतला बांधकामातला फरक पाच मिनिटांत कळतो. मला क्लिफ पॅलेसपेक्षा हे ठिकाण जास्त शिकवून गेलं.

बाल्कनी हाऊसला मुलगा, त्याचा मित्र आणि नात गेले. बत्तीस फुटांची शिडी आणि अठरा इंच रुंद बोगद्यातून रांगत जायचं, तेव्हा मी शांतपणे गाडीत डुलकी काढली. नात म्हणते तेच सगळ्यात भारी होतं. तिचं मत तिनं पुराव्यानिशी, फाटलेल्या गुडघ्याच्या पॅंटसह मांडलं. स्प्रूस ट्री हाऊस २०१५ पासून दगड कोसळण्याच्या भीतीनं बंद आहे, म्युझियमजवळून नुसतं दिसतं.

जेवणाचा अर्धा गुण मी कापला. शाकाहाऱ्याला फार व्ह्यूच्या उपाहारगृहात तळलेल्या जाड पावावर राजमा घातलेला नावाहो टाको मिळाला. चव बरी, पण तो खाऊन शिडी चढायची नाही. पार्कात अंतरं मोठी, खायची ठिकाणं मोजकी, पाणी आणि डबा सोबत हवाच. आमचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही दिवस पुरली.

ज्यांना गर्दी, तिकिटं आणि शिड्या नकोत त्यांनी परतीला होवेनवीप ही जुन्या अवशेषांची जागा करावी, युटाच्या सीमेवर, कॉर्टेझहून तासाभराच्या वाटेवर. दरीच्या काठानं दोनेक मैलांची पायवाट आहे आणि तिच्यावर तेराव्या शतकातले मनोरे. एक तर चक्क तिरक्या धोंड्यावर उभा केला आहे, पाया न सपाट करता, धोंड्याच्या अंगाप्रमाणे दगड बसवत. मी तिथे पाऊण तास होतो. मनोरे दरीच्या तोंडाशी, झऱ्याजवळ का आहेत हे आता तुम्हाला सांगायला नको. आरव्ही तिथे आरामात जाते, पण पेट्रोल आणि किराणा कॉर्टेझलाच भरून घ्या. आणि वेळ असेल तर मेसा व्हर्डेला लागूनच यूट माउंटन ट्रायबल पार्क आहे. तिथे यूट वाटाड्यासोबतच जाता येतं. पुढच्या वेळी मुलाला मी तेच आरक्षण आधी करायला सांगितलंय, आरव्हीचं नंतर बघू.